एकांताला माणसं किती लागतात?

स्वतःचा विकास साधायचा असेल तर एकांतात जा, हा सल्ला सध्या इतक्या गर्दीत दिला जातो की तो नीट ऐकूही येत नाही. व्याख्यानमालेतले वक्ते तो खच्चून भरलेल्या सभागृहात देतात, रीलवाले लाखो लोकांना एकाच वेळी देतात, आणि तो मनावर घेतलेली तरुण मंडळी जोडून सुट्टी आली की सोलो ट्रिपला निघतात. हिमाचलातल्या कसोलला किंवा कोकणातल्या एखाद्या होम-स्टेला पोचल्यावर कळतं की आपल्यासारखेच दहा-बारा एकटे आधीच येऊन थडकलेत. मग सगळे एकटे शेजारशेजारच्या टेबलांवर बसून आपापला एकांत भोगतात. डोंगराकडे तोंड करून बसल्याचा पाठमोरा फोटो तर हवाच, आणि पाठमोरा फोटो काही धड आपला आपल्याला काढता येत नाही. म्हणून वेटरला हाक मारावी लागते. याची टवाळी करणं सोपं आहे, पण मला विचाराल तर सगळं मर्म त्या वेटरमध्येच आहे. एकांत ही एकट्याच्या बळावर जमणारी गोष्टच नव्हे. ज्यांचा एकांत खरोखर फळाला आला त्यांची चरित्रं उघडून पाहा, दाराबाहेर कोणी ना कोणी उभं असतंच. कोणी भाकरी घेऊन, कोणी धुतलेले कपडे घेऊन, कोणी नुसतं ‘पुरे आता, बाहेर ये’ म्हणायला. आतल्याचं नाव झालं, बाहेरचा हिशेबात धरला गेला नाही, इतकंच. आणि बाहेर खरोखरच कोणी नसलं, तर आत बसलेला माणूस वाढण्यापेक्षा खंगण्याचीच शक्यता जास्त.

मराठी घराला हे कोणी न शिकवता कळलेलं असावं, कारण ते माणसाला एकटं म्हणून सोडतच नाही. कोणी गॅलरीत नुसतं बसलेलं दिसलं की पहिला प्रश्न ‘काय झालं?’, दुसरा ‘पोट बरंय ना?’ पोट बरं आहे असं निष्पन्न झालं तर प्रकरण गंभीर. मग वयाप्रमाणे निदान ठरतं: विशीतला असेल तर प्रेम, तिशीतला असेल तर नोकरी, चाळिशीपुढचा असेल तर बीपी. ‘काही नाही, जरा एकटा बसलोय’ हे उत्तर कोणीही खरं मानत नाही. दहा मिनिटांत चहाचे दोन कप येतात, एक त्याचा आणि एक त्याला सोबत म्हणून बसायला आलेल्याचा. गिरगाव-परळच्या चाळींत दहा बाय बाराच्या खोलीत आठ-आठ माणसं राहिली. दाराला आतून कडी लावून निवांत बसायची सोय एकाच ठिकाणी होती, आणि तिथेही बाहेर टमरेल घेऊन रांग. पहिल्या पाच मिनिटांनंतर दार वाजायचंच. तरीही याच चाळींतून नट निघाले, गायक निघाले, कामगारांचे पुढारी निघाले. तेव्हा एकांताशिवाय माणूस घडतच नाही, हे म्हणणं निदान मुंबईत तरी कोणी करू नये.

‘पण थोरोचं काय?’ असं कोणी तरी विचारणारच, कारण एकांताची जाहिरात करणारा प्रत्येक जण शेवटी हेन्री डेव्हिड थोरोवर येतो. तर आपण त्याच्यापासूनच सुरुवात करू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात कॉन्कर्ड गाव आणि गावापासून साधारण दीड मैलावर वॉल्डन तळं. 4 जुलै 1845 ला थोरो तळ्याकाठच्या झोपडीत राहायला गेला आणि सप्टेंबर 1847 मध्ये तिथून निघाला. दोन वर्षं आणि वर दोन महिने. जागा राल्फ वॉल्डो इमर्सन या मित्राची. झाडं तोडायला कुऱ्हाड उसनी आणलेली. सांगाडा उभा करायला गावातले मित्र हात लावायला आले. तळ्याच्या कडेनं आगगाडी जायची. झोपडीत खुर्च्या तीन, त्यांतली एकच एकांतासाठी, बाकीच्या आल्यागेल्यांसाठी. पंचवीस-तीस माणसं एकदम त्या झोपडीत मावल्याचं तो स्वतःच सांगतो. मधूनमधून गावात जाऊन घरचं जेवून यायचा. मात्र माणूस हिशेबाला पक्का. घराचा एकूण खर्च 28 डॉलर साडेबारा सेंट. त्यात बिजागऱ्या आणि स्क्रूचे 14 सेंट, कडीचे 10 सेंट, खडूचा एक सेंट. अर्ध्या सेंटचीही नोंद चुकलेली नाही. फक्त एका बाबीपुढे आकडा नाही: कपडे धुणं आणि ठिगळं लावणं. ते काम बहुतेक बाहेरून होत असे आणि त्याचं बिल अजून आलेलं नाही, असं तो लिहितो. या मुक्कामावरचं त्याचं पुस्तक छापलं गेलं 1854 मध्ये, झोपडी सोडल्यावर सात वर्षांनी, तरी बिल आलेलं नव्हतं! इतकी वर्षं बिल न पाठवणारे धोबी जगात फार थोडे, आणि ते बहुतेक घरातच असतात.

यावरून थोरोला ढोंगी ठरवायची एक जुनी टूम आहे. मला ती मान्य नाही. खुर्च्या त्यानेच मोजून सांगितल्या, पाहुणे त्यानेच सांगितले, न आलेलं बिलही त्यानेच कबूल केलं. त्याने लपवलं काय? वाचणाऱ्यांनी एक खुर्ची लक्षात ठेवली आणि दोन विसरले, हा त्याचा गुन्हा नव्हे. मला त्याच्या चरित्रातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. इमर्सन व्याख्यानांसाठी युरोपात निघाला, तेव्हा थोरो झोपडीतून उठला तो इमर्सनच्या घरी राहायला गेला. मित्राची बायको, मुलंबाळं, बागकाम, घरातली दुरुस्ती, सगळं त्याच्याकडे. आणि ज्या पुस्तकामुळे जगाला ती झोपडी ठाऊक झाली, त्याचे खर्डे तो पुढची सात वर्षं गावात, माणसांत राहून पुन्हापुन्हा लिहीत होता. तळ्याकाठी त्याला जे सुचलं असेल ते असेल. त्याचा ग्रंथ होण्यासाठी त्याला परत यावं लागलं.

आपल्याकडचा पुरावा तर याहून थेट आहे. तुकोबा भंडारा डोंगरावर जाऊन बसत, आणि आवली भाकरी घेऊन तो डोंगर चढत असे, ही कथा देहूच्या आसपासच्या पोरासोरांनाही माहीत असते. चढताना तिच्या पायात काटा रुतला आणि तो काढायला खुद्द विठोबा आला, असं परंपरा सांगते. भक्तमंडळी या कथेत विठोबाकडे बघतात. मला ती भाकरी दिसते. नवरा वर, घरात पोरं, मागे दुष्काळात बसलेला फटका, आणि ही बाई तोंडानं विठ्ठलाचा उद्धार करत आणि हातानं नवऱ्याचं जेवण सांभाळत रोज तो चढ चढते. प्रभातने 1936 मध्ये ‘संत तुकाराम’ काढला, त्यात गौरीबाईंनी ही बाई अशी उभी केली की पागनिसांच्या तुकारामाइतकीच ती लोकांच्या ध्यानात राहिली. आणि खुद्द तुकोबांचं म्हणाल, तर वनातल्या एकांताची गोडी सांगताना त्यांनी झाडं, वेली आणि पाखरं यांच्याशी नातं जोडून टाकलं. मराठी माणूस जंगलात एकटा गेला तरी तिथे नातेवाईक काढतो, याचा इतका गोड दाखला दुसरा नाही.

ज्ञानदेवांची गोष्ट तर एकांताच्या पुरस्कर्त्यांनी भिंतीवर लावावी अशी आहे. लोकांनी केलेल्या अवहेलनेनं मन विटलं आणि ज्ञानदेव झोपडीची ताटी आतून लावून बसले. आजच्या भाषेत त्यांनी ‘स्वतःसाठी वेळ घेतला’. आजचा समुपदेशक बाहेरून म्हणाला असता, घ्या, हवा तितका घ्या. पण बाहेर होती मुक्ताबाई, वयानं धाकटी बहीण. तिने ताटीपाशी उभं राहून असं काही सुनावलं आणि असं काही समजावलं की आतल्याला ताटी उघडावी लागली. ताटीचे अभंग म्हणून मराठी माणसानं आजवर जे जपलं ते बंद दाराच्या बाहेरच्या बाजूला रचलेलं आहे. आत बसून काय साक्षात्कार झाला याची नोंद कोणी ठेवली नाही. बाहेरून काय हाक आली ते मात्र पाठ आहे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: तुरुंगाचं काय? तिथे तर कोणी भाकरी घेऊन डोंगर चढत नाही, एकांत सरकारी असतो, आणि तरीही तिथे ग्रंथ झाले. लोकमान्य टिळकांना 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेलं आणि 1910-11 च्या हिवाळ्यात, साधारण पाच महिन्यांत, त्यांनी ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीनं लिहून काढलं. खरं आहे. पण तिथेही पुण्याहून ग्रंथांची रीघ लागलेली होती, आणि स्वयंपाकाला एक मराठी कैदी दिलेला होता. मधुमेहाच्या माणसाचं पथ्यपाणी त्याच्या हातात. शिवाय त्या ग्रंथाचा निष्कर्ष काय निघाला? गीता संन्यास सांगत नाही, कर्मयोग सांगते. जगाकडे पाठ फिरवू नका, कामाला लागा. सक्तीच्या एकांतात बसून एक माणूस इतकी वर्षं विचार करतो आणि शेकडो पानं भरून सांगतो की बाहेर जाऊन काम करा! एकांताच्या बाजूनं साक्षीला बोलावलेला साक्षीदारच फितूर झाला. या एकांताची किंमत मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 1912 मध्ये सत्यभामाबाई इकडे वारल्या. नवऱ्याच्या एकांताचा शेवट त्यांना दिसलाच नाही. ‘गीतारहस्या’वर बोलताना त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही.

बाईचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू, कारण हिशेबातली खरी गोम इथे आहे. व्हर्जिनिया वुल्फनं 1929 च्या तिच्या प्रसिद्ध निबंधात बाईला लिहायचं तर दोन गोष्टी हव्यात असं सांगितलं: वर्षाला पाचशे पौंड, आणि कुलूप लावता येईल अशी स्वतःची खोली. सगळ्यांना खोली आठवते. पाचशे पौंड आले कुठून, हे फार थोड्यांना. निबंधातल्या निवेदिकेची एक आत्या मुंबईत हवा खायला घोड्यावरून निघाली असता पडून मरते, आणि तिच्या मृत्युपत्रातून ही रक्कम येते. म्हणजे तिकडे लंडनमध्ये एका बाईला एकांत मिळावा म्हणून इकडे मुंबईत दुसरीला घोड्यावरून पडावं लागलं. आपल्या घरात घोडे नाहीत, पण वाटणी तीच. पुरुष आरामखुर्चीत डोळे मिटून पडला की ‘बाबा विचार करतायत, गडबड करू नका’. बाई तशीच पडली की ‘आई, तुला बरं नाहीये का?’ आणि लगेच ‘मग जेवायला काय आहे?’ तिचा एकांत पूर्वी जात्यावर होता. पहाटे, घर उठायच्या आधी, दिव्याच्या उजेडात, खुंट्याला हात आणि तोंडी ओवी. त्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून जमवल्या तेव्हा आकडा लाखावर गेला. बहिणाबाईंना तर अक्षरओळखही नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या रचत गेल्या, आणि मुलानं, सोपानदेवांनी, व घरच्यांनी उतरवून ठेवलं म्हणून त्या गेल्यावर 1952 मध्ये पुस्तक निघालं. दळण थांबवून चिंतन केलं, असं यांतल्या कोणी केलेलं नाही. कोणी करूही दिलं नसतं. पुढे पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले, फार चांगलं झालं. पण पहाटेचा तो तास घरानं बाईला परत दिला नाही, डब्यांना लावला.

‘तो काळ गेला,’ असं आता कोणी म्हणेल. ‘आज कोण लागतं? एक खोली भाड्यानं घेतली, ॲपवरून जेवण मागवलं, कपडे मशीननं धुतले. ना आवली, ना मुक्ताबाई.’ पण जेवण आपलं आपण चालत येत नाही. डोंगर चढणारा आता मोटरसायकलवर येतो, चौथा मजला पायी चढतो, आणि दारात त्याला तोंडही दिसत नाही, पिशवी कडीला अडकवायला सांगितलेली असते. आवलीला निदान पाच पैकी किती तारे द्यायचे, हे तुकोबांना कोणी विचारलं नव्हतं. मशीनही गप्प राहणारी धोबीण आहे, मान्य; पण ती ‘बाहेर ये’ म्हणत नाही, आणि हीच खरी उणीव. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 2014 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही. समोर एक बटण, दाबलं की विजेचा झटका. ‘हा झटका टळावा म्हणून आम्ही पैसे देऊ’ असं आधी म्हणालेल्या माणसांतल्या 18 पुरुषांपैकी 12 जणांनी तो पंधरा मिनिटांत स्वतःला देऊन घेतला. एका बहाद्दरानं 190 वेळा. बायका 24 होत्या, त्यांतल्या फक्त 6 जणींनी बटण दाबलं. पंधरा मिनिटं सलग कोणी हाक मारली नाही, याचंच बाकीच्यांना अप्रूप वाटलं असावं.

आणि ज्यांना हा निखळ, बिनहाकेचा एकांत चोवीस तास मिळालेला आहे, त्यांच्याकडे कोणी व्यक्तिमत्त्व विकासाची दीक्षा घ्यायला जाताना दिसत नाही. कोथरूडला, डोंबिवलीला, नाशिकला तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एक म्हातारा किंवा म्हातारी, मुलं न्यू जर्सीला. मूठभर तांदळाला कुकर लावावा की पातेल्यात शिजवावा, इथून दिवस सुरू होतो. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलीचा फोन आला तर आपण तो कट करतो. आजी तिला ‘गाव कोणतं तुझं?’ विचारतात. या एकांताला तंत्र नाही, शिबिर नाही, पाठमोरा फोटो नाही. ब्रिटननं 2018 मध्ये एकटेपणाचा विषय एका मंत्र्याकडे सोपवला, जपाननं 2021 मध्ये. सरकारला दार वाजवायला जावं लागतं, इथवर गोष्ट आली. मला कोणी ‘एकांत चांगला की वाईट’ असं विचारलं तर मी आधी उलट विचारीन, जेवायची वेळ झाली की तुम्हाला हाक कोण मारतं? नाव सांगता आलं, तर खुशाल दार लावून बसा.

हे सगळं ज्यांना पुरेपूर ठाऊक होतं, त्यांनी दाराबाहेरच्या माणसाची रीतसर व्यवस्थाच करून ठेवली आहे, आणि ती इगतपुरीला बघायला मिळते. गंमत म्हणजे विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका जन्मले मंडालेतच, 1924 मध्ये. त्या गावाचं आणि महाराष्ट्राचं काही तरी देणं-घेणं असावं. त्यांच्या इगतपुरीच्या केंद्रात, धम्मगिरीत, 1976 पासून शिबिरं चालतात. दहा दिवस, आर्य मौन, फोन पहिल्याच दिवशी जमा. पहाटे चारला घंटा, अकराला जेवण, संध्याकाळी चहाबरोबर किरकोळ काही, साडेनऊला दिवे बंद. डोळे मिटून बसणाऱ्याला वाटतं आपण अगदी एकटे आहोत. आणि त्याच वेळी भटारखान्यात भाजी चिरली जात असते, कोणी घंटा वाजवत असतं, कोणी न आलेल्या साधकाला बोलवायला खोलीशी जात असतं. हे धम्मसेवक बिनपगारी असतात, आणि तेही आधी कधी तरी शिबिर करून गेलेले. दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटतं, घरी जायच्या एक दिवस आधी. एकदम माणसांत सोडलं तर धक्का बसेल, म्हणून ही मुद्दाम ठेवलेली सोय. त्या दिवशीचा गलका ऐकण्यासारखा असतो. नऊ दिवस ज्यांनी एकमेकांकडे मान वर करून पाहिलेलं नसतं, ते आपल्या मौनात काय काय झालं हे एकाच वेळी सांगू लागतात, आणि ऐकणारा मिळवण्यासाठी आधी दुसऱ्याचं मौन संपूर्ण ऐकून घ्यावं लागतं. राहण्याजेवणाचे पैसे कोणी मागत नाही. द्यायचेच असतील तर शिबिर पुरं झाल्यावर द्यायचे, आणि तेही स्वतःच्या जेवणाचे म्हणून चालत नाहीत. आपलं जेवण आधीच्या कोणी तरी भागवून ठेवलेलं असतं. आपली पावती फाटते ती पुढच्या तुकडीच्या नावानं.